फुकटचा पगार कुणी खाल्ला?

‘दोन वर्षे शाळा बंद होत्या आणि मास्तरांनी घरी बसून फुकटचा पगार खाल्ला’ हे वाक्य आता आमच्या समाजात म्हणीसारखे रूढ झाले आहे. ते एस.टी.त ऐकू येते, लग्नाच्या दावतीत ऐकू येते, जुम्याची नमाज आटोपून मशिदीच्या पायऱ्या उतरतानाही ऐकू येते. बोलणारे बहुधा शिकलेले असतात. ज्यांची मुले आमच्या हाताखाली शिकली तेही बोलतात. इतकी वर्षे आम्ही उत्तर दिले नाही, कारण शिक्षकाने आपल्या कामाचे ढोल आपणच बडवावेत हे आम्हांला शोभणारे वाटले नाही. पण आमच्या गप्प बसण्याचा अर्थ लोक कबुली असा काढू लागले आहेत, तेव्हा बोलणे भाग आहे. आम्ही म्हणजे कोकणातल्या उर्दू शाळांतून शिकवणारे शिक्षक आणि शिक्षिका. जिल्हा परिषदेचे, अनुदानित संस्थांचे आणि ज्यांना पगार म्हणावा असा पगारच मिळत नाही असे विनाअनुदानितही.

आमच्यात कामचुकार कुणी नव्हता, असा आमचा दावा नाही. कोणत्या धंद्यात नसतो? पण चार कामचुकारांवरून हजारो माणसांचा हिशेब लावायचा असेल, तर मग तो हिशेब सगळ्यांनाच लावावा लागेल.

आधी काळ नीट आठवू या, कारण लोकांची स्मरणशक्ती सोयीची असते. मार्च २०२०च्या मध्यास राज्यातल्या शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२०च्या अखेरीस काही ठिकाणी उघडले, पाचवी ते आठवीचे जानेवारी २०२१च्या अखेरीस. तोच दुसरी लाट आली आणि सारे पुन्हा बंद. ऑक्टोबर २०२१मध्ये ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग सुरू झाले. पहिली ते चौथीच्या मुलांना परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१पासून, आणि जानेवारी २०२२मध्ये पुन्हा टाळे. म्हणजे जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गातल्या पट्टीवर प्रथम बसले, तेव्हा ते दुसरीत होते आणि दुसरीचेही अर्धे वर्ष सरले होते. त्या मुलाला ‘अलिफ’ आणि ‘बे’ कुणी शिकवले? जे लोक फुकटच्या पगाराचा हिशेब विचारतात, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

शासनाने तेव्हा घोषणा केली, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’. घोषणा चांगली होती. पण शिक्षण ‘आहे’ म्हणजे नेमके कुठे आहे? ते मोबाइलमध्ये आहे, असे उत्तर होते. आता आमच्या पोफळीचेच पाहा. सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने कोयनेचे पाणी खाली येते आणि इथल्या भूमिगत वीजगृहात त्याची वीज होते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. १९६०च्या दशकापासून ही वीज तारांवरून बाहेर जाते आहे, मुंबईचे दिवे लावते आहे, कारखाने चालवते आहे. आणि त्याच डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांवर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पावसाळ्यात मोबाइलच्या पडद्यावर एक कांडी दिसावी म्हणून मुले टेपावर चढून उभी राहत. दिव्याखाली अंधार ही म्हण आम्ही पुस्तकात शिकवतो, इथे ती रोज डोळ्यांना दिसत होती. ‘सर, रेंज नाय’ हे तीन शब्द त्या दोन वर्षांत आम्ही जितके ऐकले, तितके ‘हाजिर’ही ऐकले नाहीत.

रेंज आली तरी मोबाइल कुणाचा? कोकणातल्या मुसलमानाच्या घरात कर्ता पुरुष बहुधा बाहेर असतो. कुणी सौदीत, कुणी कुवेतला, कतारला, कुणी जहाजावर, नाही तर मुंबईत. घरात एक स्मार्टफोन, आणि त्यावर तीन मुले, तीन इयत्ता. २०२०मध्ये आखातातल्या नोकऱ्या गेल्या. कुणी तिकडेच अडकले, कुणी हात हलवत परतले. महिन्याचे पैसे थांबले की घरातली पहिली काटकसर रिचार्जमध्ये होते. ज्या पालकांनी शाळेच्या वर्गणीला कधी नकार दिला नव्हता, त्यांनी खाली मान घालून सांगितले, ‘मॅडम, या महिन्यात नेट नाही भरले.’ तेव्हा आमच्यातल्या किती जणांनी स्वतःच्या खिशातून पोरांचे रिचार्ज मारले, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही. ती असावी अशी अपेक्षाही नव्हती.

आता भाषेचा मुद्दा. तो आमच्याखेरीज कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. मालिका उत्तम होती आणि आम्ही मुलांना ती पाहायला सांगितले. पण ती मराठीत. आमचे मूल घरी कोकणी बोलीत बोलते, ती मराठीचीच थोरली-धाकटी बहीण. त्यामुळे कार्यक्रम त्याला समजे. पण त्याच्या दप्तरातले बालभारतीचे पुस्तक उर्दूत. कानावर एका भाषेत आलेला गणिताचा धडा, डोळ्यांसमोरच्या दुसऱ्या लिपीतल्या पानाशी जुळवून देणारा कुणी तरी लागतो. वर्गात ते काम शिक्षक अर्ध्या मिनिटात करतो. फळ्यावर एका बाजूला ‘त्रिकोण’ लिहितो, दुसऱ्या बाजूला ‘मुसल्लस’, आणि पुढे जातो. ते अर्धे मिनिट मोबाइलवर आणायला आम्हांला रात्र पुरत नसे. इनपेजमध्ये टाइप केलेली फाइल पालकांच्या फोनवर उघडायची नाही. मग तिचा फोटो काढून पाठवायचा. फोटो धूसर आला की हाताने कागदावर लिहायचे, पुन्हा फोटो, सोबत आवाजातला संदेश. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांच्यासाठी झेरॉक्स. लॉकडाऊनमध्ये झेरॉक्सची दुकाने बंद, तेव्हा कार्बन पेपर. नंतर निर्बंध सैल झाले, तशा वाडीवाडीवर जाऊन स्वाध्यायाचे कागद वाटायचे आणि मागचे तपासायला गोळा करायचे. आंब्याखाली, ओटीवर, जमातखान्याच्या पडवीत, जिथे चार मुले अंतर राखून बसू शकतील तिथे वर्ग भरला.

हे काही आम्हीच केले असे नाही. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, मुले रस्त्याने जाता-येता शिकली. पालघरच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिवर्धक लावून धडे ऐकवले गेले. सोलापूर जिल्ह्यातल्याच परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२०मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या दिवशी सबंध महाराष्ट्राने अभिमानाने छाती फुगवली. पण तोच महाराष्ट्र दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसून फुकटच्या पगाराविषयी बोलत होता. एका शिक्षकाला डोक्यावर घ्यायचे आणि लाखांना पायदळी तुडवायचे, याला कौतुक म्हणत नाहीत. याला नवल म्हणतात. नवल चार दिवस टिकते.

आणि या सगळ्यात एक शिक्षक शाळेबाहेरचाही होता, तो कुणाला आठवतही नाही. चकरमान्यांच्या विलगीकरणाची यादी ठेवणारे, तपासणी नाक्यावर रात्रपाळी करणारे, रेशनच्या रांगेत अंतर राखायला उभे केलेले, सर्वेक्षणासाठी घरोघर फिरणारे हे सगळे कोण होते? शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याचे २७वे कलम शिक्षकांना शिक्षणबाह्य कामे देऊ नयेत असे सांगते, पण त्यात जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक यांचा अपवाद आहे. महामारी ही आपत्तीच होती. म्हणून आम्ही कलमाकडे बोट दाखवून घरी बसलो नाही.

उर्दू शिक्षकाच्या वाट्याला यात एक वेगळाच वनवास आला. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर २०१९मधला, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांत मोहल्ल्या-मोहल्ल्यांत ‘कागद’ या शब्दाची धास्ती बसलेली. त्यावर महामारी आली आणि आम्ही हातात यादी घेऊन दाराशी उभे! घरात माणसे किती, बाहेरून कोण आले, वय काय, आजार काय? दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांत भीती दिसे. ही नावे कुठे जाणार, असा प्रश्न आपलेच लोक आपल्याच शिक्षकाला विचारत होते. दुसऱ्या बाजूला मार्च २०२०च्या अखेरीस दिल्लीच्या तबलीगी मरकजवरून जो गदारोळ उठला, त्याने काही वाड्यांवर आमचे नाव ऐकताच माणसे दोन पावले मागे सरत. मोहल्ल्यात आम्ही सरकारचे हेर आणि मोहल्ल्याबाहेर रोगाचे वाहक! २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे नोंदवले. निकाल आला तोवर पाच महिने आम्ही दोन्ही नजरा सोसत दारे ठोठावली होती. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सप्टेंबर २०२०मध्ये आली, तेव्हाही आमच्यातले कित्येक पथकांत होते. मोहल्ल्यातली दारे हळूहळू उघडली. पुढे लस घ्यायला लोक आले, म्हातारी माणसे आली. ती कुणाच्या भाषणाने आली नाहीत. ‘हा आपल्या पोराचा मास्तर आहे, खोटे सांगायचा नाही’ या एका विश्वासावर आली. हा विश्वास शाळेत कमावलेला होता. त्याची किंमत पगारात कुठे धरली आहे?

पगाराचाच विषय निघाला आहे, तर तोही होऊन जाऊ द्या. राज्याच्या वर्ग तीनच्या कर्मचाऱ्यांना मार्च २०२०चा पगार पहिल्या टप्प्यात ७५ टक्केच मिळाला, आणि आम्ही त्याविरुद्ध रस्त्यावर आलो नाही. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे मानधन तेव्हा महिना ६,००० रुपये होते. डी.एड. झालेला, घरापासून दूर नेमलेला तरुण सहा हजारांत खोलीचे भाडे भरत होता, खाणावळ चालवत होता आणि त्यातून वर्गासाठी स्मार्टफोनचा हप्ता फेडत होता. हे मानधन १६,००० झाले ते १ जानेवारी २०२३पासून, म्हणजे महामारी ओसरल्यावर. विनाअनुदानित शाळांतल्या आमच्या भगिनींची गोष्ट तर बोलण्यापलीकडची. फी आली नाही, म्हणून पगार नाही. कुणी घरी शिवणकाम घेतले, कुणी खाऊचे डबे केले, आणि संध्याकाळी त्याच ओट्यावर मुलांना पहाडे घोकवले. यांनी फुकटचा पगार खाल्ला, असे ज्याला वाटते त्याने आधी त्यांचा डबा उघडून पाहावा.

आणि काही जण हिशेब द्यायला उरलेच नाहीत. उत्तर प्रदेशात २०२१च्या पंचायत निवडणुकीच्या कामानंतर १,६२१ शिक्षक आणि कर्मचारी कोरोनाने गेले, अशी यादी तिथल्या प्राथमिक शिक्षक संघाने दिली. सरकार प्रथम म्हणाले, तीनच. नियम निवडणूक-कामाच्या दिवसांपुरता मोजत होता. पुढे ओरड झाल्यावर तो बदलावा लागला. १,६२१ आणि तीन यांच्यामधले हे अंतर आकड्यांचे नाही, ते नजरेचे आहे. शिक्षक मेला तरी तो कामावर मेला, हे आधी सिद्ध करावे लागते.

आमच्या तालुक्याला तर महामारी पुरेशी नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. बाजारपेठ गेली, घरे गेली, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयातही पाणी शिरले. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला होता. मागच्या वर्षीचे राहिलेले भरून काढायचे होते. तीन आठवडे झाले आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांसकट सेतूच वाहून गेला. ज्या शिक्षकांच्या स्वतःच्या घरात छातीभर चिखल होता, ते चौथ्या-पाचव्या दिवशी मुलांची यादी करत होते: कुणाकडे पुस्तक आहे, कुणाकडे नाही, कोण कुठे नातेवाइकांकडे गेले आहे. त्या यादीत मुलांसमोर धर्माचा रकाना नव्हता.

कुणी म्हणेल, एवढे केले, तर मुले मागे का पडली? पडलीच. आम्ही ते लपवत नाही. ‘असर’ या पाहणीने देशाच्या ग्रामीण भागातले आकडे दिले आहेत. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८मध्ये २०.९ टक्के होती, ती २०२२मध्ये १६.३ टक्क्यांवर आली. हा आकडा हाती धरून वर्तमानपत्रांनी आमच्यावर अग्रलेख लिहिले. मग २०२४ची पाहणी आली. तोच आकडा २३.४ टक्के. म्हणजे महामारीत गमावलेले भरून निघाले, इतकेच नव्हे तर महामारीच्या आधीच्याही पुढे गेले. यावर अग्रलेख किती आले? घसरण झाली ती शिक्षकांमुळे आणि सुधारणा झाली ती आपोआप, असा हा न्याय आहे. आपोआप काहीही होत नाही. तिसरीच्या वर्गात बसलेले, पहिलीचे अक्षर न ओळखणारे मूल रोज अर्धा तास जवळ बसवून घेतल्याशिवाय वाचू लागत नाही. जवळ बसवणारा माणूस लागतो. तेवीस टक्के हे समाधान मानण्याजोगे आहे असेही आम्ही म्हणत नाही. पण वर चढणाऱ्याला खाली पडल्याबद्दल किती वर्षे बोल लावायचा?

आता थोडे आपल्या समाजाविषयी. तबलीगीवरून आमच्याकडे संशयाने पाहणाऱ्यांवर आम्ही बोललो, तसे घरच्यांवरही बोललेच पाहिजे. आपल्या धर्माचा पहिला आदेश वाचण्याचा आहे, हे आपण प्रत्येक जलशात सांगतो. उस्तादाचा दर्जा बापाच्या बरोबरीचा, हेही सांगतो. पण मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेचे छप्पर गळते तेव्हा वर्गणी जमत नाही, आणि शादीखान्याला लाखो रुपये आठवड्यात गोळा होतात. पाच सप्टेंबरला शाल, श्रीफळ आणि फोटो. सहा सप्टेंबरला तेच पालक मुलाचे नाव काढून इंग्रजी शाळेत घालतात. माध्यम बदलण्याचा त्यांना हक्क आहे. आमच्याच तालुक्यातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई आणि त्यांचे मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांनी प्रांतभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला होता. तो वाद जुना आहे, गंभीर आहे आणि आम्ही त्यापासून पळत नाही. पण माध्यमाचा वाद वेगळा आणि माध्यमाच्या आडून शिक्षकाला तुच्छ लेखणे वेगळे. ज्या दोन वर्षांत महागड्या शाळांनी फी थकली म्हणून मुलांचे ऑनलाइन वर्ग बंद केल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या, त्या दोन वर्षांत मोहल्ल्यातली उर्दू शाळाच त्या मुलाच्या दारी कागद घेऊन गेली होती.

एक गोष्ट मात्र कृतज्ञतेने नोंदवली पाहिजे, ती आमच्या मातांविषयी. याच गावठी उर्दू शाळांत सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या या बायका. मोबाइल बंद पडला, पण त्यांना उर्दू वाचता येत होते. चुलीपुढे बसून त्यांनी मुलांकडून धडे वाचून घेतले. जिथे आई वाचणारी होती, तिथले मूल बुडाले नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणी तरी शिक्षिकेने त्या मुलीला शाळेतून काढू नका म्हणून तिच्या बापाची मनधरणी केली होती, तिचे हे फळ. शिक्षकाच्या पगाराचा हिशेब महिन्याने होत नाही, पिढीने होतो.

महाराष्ट्राला हे नवे नाही. १८४८मध्ये पुण्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिलेल्या, १८५६च्या पत्रात आपल्या सहकारी फातिमेची आठवण काढणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी कशाने गेल्या? प्लेगने. रुग्णांची सेवा करता करता. या राज्याच्या आद्य शिक्षिकेचा मृत्यूच महामारीत कामावर झाला आहे. तिच्या तसबिरीला हार घालणाऱ्या राज्याने शिक्षकाला ‘तू महामारीत काय केलेस?’ असे विचारावे, याचा आम्हांला खेद वाटतो.

त्या विचारण्याला आता कायद्याचेही बळ मिळाले आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा निकाल दिला. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. न्यायालयाचा आम्हांला आदर आहे आणि परीक्षेची भीती नाही. आम्ही रोज परीक्षा घेतो. पण वीस वर्षे शिकवलेल्या, टेपावर उभ्या राहून वर्ग चालवलेल्या माणसाची पात्रता ठरवताना त्याच्या त्या कामाला एकही गुण नसावा, ही गोष्ट शासनाने आणि विधिमंडळाने मनावर घ्यायला हवी. कायदा दुरुस्त करणे त्यांच्या हाती आहे.

तेव्हा आम्हांला काय हवे, ते स्पष्ट सांगतो. थाळ्या नकोत, शाली नकोत. पहिले, आपत्ती संपल्यावर आपत्तीची कामे संपवा. रोजचे अहवाल, लिंका, ॲप आणि फोटो यांतून शिक्षकाचे दोन तास सोडवून ते मुलाला द्या. दुसरे, रिकाम्या जागा भरा. एका शिक्षकावर चार इयत्ता टाकून गुणवत्तेची चौकशी करू नका. तिसरे, उर्दूतले डिजिटल साहित्य मराठीच्या बरोबरीने, त्याच दिवशी मिळू द्या, म्हणजे पुढच्या संकटात आम्हांला कार्बन पेपर शोधावा लागणार नाही. चौथे, त्या दोन वर्षांत कोणत्या शाळेने काय केले, याची तालुकावार लेखी नोंद करा. जे गेले त्यांची नावे त्यात असू द्या. पाचवे मागणे समाजाकडे. जमातीच्या वार्षिक हिशेबात शादीखान्याच्या ओळीखाली शाळेची एक ओळ घाला, आणि महिन्यातून एकदा तरी शाळेत येऊन मागच्या बाकावर बसा. अर्धा तास पुरे. एक मूल वाचायला शिकते म्हणजे नेमके काय घडते, ते पाहा. त्यानंतर पगाराविषयी जे बोलायचे असेल, ते खुशाल बोला.